गिरणीच्या काट्यावर

यवतेश्वरच्या घाटात दुसऱ्या वळणावर मी सायकलवरून उतरलो, तेव्हा शेळ्या घेऊन चाललेल्या एका आजीने विचारलं, "पंक्चर झाली व्हय रं?" खरं सांगायची लाज वाटली म्हणून मी हो म्हणालो. तिने दोन्ही टायर नीट पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता पुढे गेली. शेळ्याही गेल्या.

ती सायकल मी शाळेतल्या एका सहकाऱ्याकडून नऊ हजारांना घेतली होती. पुढे सस्पेन्शन, दोन इंच रुंद खडबडीत टायर, एकवीस गिअर, वजन सतरा किलो. एकवीस गिअर म्हणजे कुठलाही डोंगर चढता येणार, अशी माझी समजूत. त्या एकविसातला सगळ्यात हलका गिअर पडतच नव्हता, हे मला महिन्याने कळलं.

डोक्यात बेत असा होता. साताऱ्याहून उंब्रज, मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. तिथे मावशीकडे मुक्काम. दुसऱ्या दिवशी गुहागरचा समुद्र बघून परत चिपळूण, आणि मग आल्या वाटेने घाट चढून घरी. तंबू नाही, स्टोव्ह नाही, स्वयंपाकाची भांडी नाहीत. दोन जोड कपडे, औषधं, हत्यारं, बाकी वाटेतली हॉटेलं आणि नातेवाईक आहेतच. लहानपणी मावशीकडे जाताना तो घाट मी एसटीच्या खिडकीतून कितीदा तरी पाहिला आहे, पण दर वेळी हातात प्लॅस्टिकची पिशवी धरून. एकदा पोट शांत असताना बघायचा होता.

त्यासाठी दुसरी सायकल बघायला पहिल्यांदा गेलो पुण्यातल्या एका मोठ्या दुकानात. तिथला मुलगा बोलायला गोड होता. त्याचं पहिलंच वाक्य, "सर, उचलून बघा." मी दोन बोटांनी उचलली. साडेनऊ किलो. खाली वळलेलं हँडल, पंचवीस मिलिमीटरचे टायर, रंग असा की सायकल उभ्या उभ्या पळतेय असं वाटावं. किंमत ऐंशी हजारांच्या पुढे. मी विचारलं, "याला कॅरिअर कुठे लागेल?" तेव्हा त्याने माझ्याकडे त्या शेळ्यांवाल्या आजीसारखंच पाहिलं.

मी गणित शिकवतो. परतीच्या एसटीने खंबाटकी चढताना गिअर टाकला आणि मी खिशातली डायरी काढली. माझं वजन ७८ किलो. साधी मजबूत सायकल १४ किलो. सामान ८. बेरीज १००, फळ्यावर घ्यावी अशी. चढावर आपली बहुतेक मेहनत वजन वर उचलण्यात जाते, आणि घाटाला त्यातलं सायकलीचं कुठलं, माझं कुठलं आणि बॅगेतल्या जीन्सचं कुठलं, याच्याशी काही देणंघेणं नसतं. म्हणजे एक किलो कमी झाला की एक टक्का वाचला. साडेनऊ किलोची सायकल घेतली तर साडेचार टक्के वाचणार, आणि त्यासाठी साठेक हजार जास्त. तेवढंच वजन मी सामानातून फुकट काढू शकत होतो. पोटावरूनही, पण ते फुकट नाही.

दुसरं गणित शाळेच्या व्हरांड्यात केलं. शेजारच्या इंजिनिअरिंगच्या पोराची हायब्रिड सायकल, म्हणजे रेसिंग आणि डोंगरी सायकलच्या मधली, मागून आणली होती, पस्तीस मिलिमीटरच्या टायरची. मागच्या टायरला खडूने खूण केली. मी सीटवर बसलो, कारण बसल्यावर टायर दबतो आणि घेर थोडा कमी होतो. शिपाईमामांनी मला धरून चाकाचा एक फेरा होईपर्यंत पुढे ढकललं आणि फरशीवर दोन रेघा मारल्या. टेपने मोजलं: दोन मीटर सतरा सेंटिमीटर. खिडकीतून नववी-ब बघत होती.

या आकड्यावर सगळं उभं आहे. पुढच्या चकतीचे दात भागिले मागच्या चकतीचे दात, गुणिले चाकाचा घेर: पायडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते ते येतं. पुण्याच्या त्या देखण्या सायकलीचा सगळ्यात हलका गिअर पुढे ३४, मागे २८ असा होता. तिच्या बारीक टायरचा घेर दोन मीटर दहा धरला तरी एका फेऱ्यात २.५५ मीटर. तेच पुढे २८ आणि मागे ३४ असेल तर १.७९ मीटर. चढ तोच आणि वजन तेच असेल तर पायाला लावावा लागणारा जोर याच प्रमाणात बदलतो. सरळ तीस टक्के कमी. मिनिटाला साठ फेरे मारले तर ताशी साडेसहा किलोमीटरच्या आसपास जातो आपण, चालण्यापेक्षा जरा बरं. याहून हलका गिअर मला नको होता, कारण याहून हळू गेलं की माझा तोल जातो.

मी पुढे तीन चकत्यांची सायकल शोधतोय हे ऐकून शेजारचा पोरगा म्हणाला, "काका, पुढे तीन चकत्या म्हाताऱ्यांच्या सायकलला असतात." त्याचं म्हणणं नवं नाही. टूर द फ्रान्स सुरू करणाऱ्या आंरी देग्रांजने १९०२ साली जवळपास हेच म्हटलं होतं: गिअर बदलायची सोय पंचेचाळिशीच्या पुढच्यांसाठी. त्याच्या शर्यतीत डिरेलरला, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या यंत्राला, परवानगी मिळायला १९३७ साल उजाडलं. मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. देग्रांजच्या नियमानेही मला दोन वर्षांपूर्वीच सूट मिळाली होती.

मग मी राजवाड्यामागच्या बोळातल्या काकांकडे गेलो. काकांचं सायकल दुरुस्तीचं दुकान माझ्या लहानपणापासून आहे. तेव्हा तासावर सायकल भाड्याने मिळायची आणि मी तिथूनच घेऊन हाफ पायडल मारत शिकलो. आता भाड्याच्या सायकली गेल्या, पण पाण्याची ती पत्र्याची घमेली, ज्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघतात, ती तीच आहे. माझं गणित काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गाडी कुठलीबी घ्या. फक्त पाटणच्या दुकानात दुरुस्त झाली पायजे."

हे ऐकायला सोपं आहे. काकांनी त्याचा अर्थ दोन टायर समोर ठेवून दाखवला. एक दूधवाल्याच्या काळ्या सायकलचा, अठ्ठावीस इंची. दुसरा हायब्रिडचा, ज्याला सातशे सी म्हणतात आणि ज्यालाही दुकानदार अठ्ठावीसच म्हणतात. मला दोन्ही सारखे दिसले. काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि टायरच्या कडेवर उठवलेले बारीक आकडे वाचायला लावले. काळ्यावर ४०-६३५. दुसऱ्यावर ३७-६२२. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमवर टायर बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. तेरा मिलिमीटरचा फरक. "ह्यो त्याच्यावर चढवलात तर ढिला पडंल, त्यो ह्याच्यावर चढणारच न्हाय. आणि गावातला दुकानदार म्हणंल, अठ्ठावीस हाय की, घ्या." म्हणजे लहान गावात मला टायर मिळणार नव्हता. ट्यूबची अडचण कमी. रुंदीला जवळपासची ट्यूब ताणून, सावरून तात्पुरती चालते, फक्त वॉल्व्हचं भोक जुळलं पाहिजे. इथे काका ठाम होते: मोटारसायकलसारखा जाड वॉल्व्ह असलेलीच रिम घ्यायची. रेसिंग सायकलचा बारीक वॉल्व्ह सहा मिलिमीटरच्या भोकातून येतो. तिथे ना काळ्या सायकलची ट्यूब बसते, ना पेट्रोलपंपावरची हवा थेट भरता येते. आठ मिलिमीटरच्या भोकात दोन्ही जमतं.

सव्वीस इंची चाक घेतलं असतं तर टायर कुठेही मिळाला असता. तोही विचार केला. पण चार दिवसांचा प्रवास, तोही डांबरी रस्त्याने. नवे टायर घालून निघालो तर फाटायची शक्यता कमी, आणि फाटलाच तर आतून ठिगळ लावून घरी येता येतं. जगप्रवासाला निघालो असतो तर सव्वीसच घेतलं असतं.

सायकल सापडली ती कराडमध्ये. लॉकडाऊनमध्ये घेतलेली, हौस फिटल्यावर बाल्कनीत उभी, हँडलवर वाळत घातलेला टॉवेल. मालकाला ती डोळ्यांसमोरून जायला हवी होती. ॲल्युमिनियमची फ्रेम, पुढे सस्पेन्शन नसलेला साधा फोर्क, व्ही-ब्रेक, पुढे ४८-३८-२८ दातांच्या तीन चकत्या, मागे आठ. मी टेप, फूटपट्टी आणि माझे नऊ नंबरचे बूट घेऊन गेलो होतो. त्याला वाटलं, मी पागल आहे. किंमत मात्र त्यामुळे कमी झाली असावी. चौदा हजारांना दिली.

टेप यासाठी की पायडलच्या एक्सलपासून मागच्या चाकाच्या एक्सलपर्यंतचं अंतर मोजायचं होतं. ते चव्वेचाळीस सेंटिमीटर भरलं. रेसिंग सायकलला ते एक्केचाळीसच्या आसपास असतं. तीन सेंटिमीटरने काय होतं? मागे दोन्ही बाजूंना बॅगा लटकवल्या की पायडल मागे येताना टाच बॅगेवर आपटते, दर फेऱ्याला, दिवसभर. बूट त्यासाठीच. फूटपट्टी चेनसाठी. चेनचा प्रत्येक सांधा अर्ध्या इंचावर असतो, म्हणजे चोवीस सांधे बरोबर बारा इंच भरायला हवेत. एक सोळांश इंच जास्त भरले की चेन ताणली गेली, बदला. ही ताणलेली नव्हती, पण गंजलेली होती, म्हणून तशीही बदलली. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागच्या एक्सलजवळ दोन्ही बाजूंना आणि सीटखाली दोन्ही बाजूंना कॅरिअरसाठी आटे पाडलेली भोकं होती. पुण्याच्या सुंदरीला ती नव्हती. पट्ट्या आवळून कॅरिअर लावायचे प्रकार असतात, पण घाटात सामान हलायला लागलं की त्या पट्ट्यांवर माझा तरी जीव टांगायची तयारी नव्हती.

आता काकांच्या दुकानातली सगळ्यात चांगली संध्याकाळ. मागचं चाक त्यांनी काढलं, स्टँडला लावलं आणि पाना हातात घ्यायच्या आधी नुसत्या तारा वाजवल्या. एकेक तार नखाने छेडत चाक फिरवत गेले. गिअरच्या बाजूच्या तारा उंच आवाजात बोलतात, दुसऱ्या बाजूच्या खालच्या. कारण गिअरच्या चकत्यांना जागा द्यायची म्हणून त्या बाजूच्या तारा जवळजवळ उभ्या येतात आणि त्यांना जास्त ताणावं लागतं. ओझ्याच्या सायकलीची तार तुटते ती बहुतेक याच बाजूची, आणि ती बदलायला चकत्यांचा गठ्ठा काढावा लागतो, ज्याचं हत्यार रस्त्यावर कुणाकडे नसतं. एका तारेचा आवाज बसका आला. काका थांबले. पुन्हा छेडली. "ही झोपलीया." तारेच्या टोकाच्या बारीक नटाला, म्हणजे निप्पलला, पाव फेरा दिला, पुन्हा वाजवली, अजून पाव. मग शेजारशेजारच्या समांतर तारा दोन्ही मुठींत धरून चांगल्या आवळल्या, चाकभर. करकर, टिंग असे आवाज आले. "आता ज्या वळायच्या त्या हितंच वळूंद्यात, घाटात नको." त्यानंतर पुन्हा चाकाचा आऊट, म्हणजे डगमग, काढला. ब्रेकचं रबर आणि रिम यांच्यात एक पोस्टकार्ड जाईल एवढीच फट सगळीकडे, चाक फिरलं तरी ती हलत नव्हती. बत्तीस तारांचं चाक माझ्या वजनाला चालेल का, विचारलं. छत्तीसचं असतं तर बरं, म्हणाले, पण नीट ताणलेलं बत्तीसचं ढिल्या छत्तीसपेक्षा बरं. मागच्या चकत्या मी ११-३२ च्या होत्या त्या बदलून ११-३४ घातल्या. दोन दातांसाठी पैसे घालवले म्हणून बायको अजून ऐकवते.

सीटची गोष्ट घरात गाजली. सायकलवर जेलची मऊ सीट होती. मऊ सीट दहा किलोमीटर सुखाची असते. त्यानंतर हाडं तिच्यात रुततात आणि भोवतालचा मऊ भाग वर येऊन नको तिथे दाबतो. आपण बसतो ती दोन हाडं, त्यांच्यातलं अंतर माणसागणिक वेगळं. ते मोजायला खोक्याचा जाड पुठ्ठा पायरीवर ठेवला आणि त्यावर गुडघे जरा वर घेऊन पाच मिनिटं बसलो. नेमके तेव्हाच शेजारचे जोशीकाकू-काका प्रसाद द्यायला आले. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटले, मध्यापासून मध्यापर्यंत बारा सेंटिमीटर. त्यात दोन मिळवून चौदा सेंटिमीटर रुंदीची, कडक, मधे खाच असलेली सीट घेतली. पहिले तीन आठवडे शिव्या दिल्या. आता तिच्याबद्दल विचारच येत नाही, आणि सीटची याहून मोठी स्तुती मला माहीत नाही.

हँडल सरळ दांड्याचं होतं. कासला जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर केले तेव्हा करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं. एकाच जागी तळहात दाबून तिथली नस चेपते. दांड्याच्या दोन्ही टोकांना शिंगं लावून घेतली, चारेकशे रुपयांची. चढावर ती धरायची, सपाटीला दांडा. बोटं जागी झाली. मडगार्ड, घंटी, आरसा, पुढे-मागे दिवे, रात्री चमकणारं जाकीट: हे सगळं एका शनिवारी उरकलं.

बॅगा बाजारातल्या चांगल्या होत्या पण महाग. मोती चौकाच्या बाजूला ताडपत्री शिवणाऱ्याकडून दहा-दहा लिटरच्या दोन शिवून घेतल्या. बॅगेचा पुढचा खालचा कोपरा तिरपा कापायला सांगितला, टाचेला जागा म्हणून. शिवणाऱ्याला ते पटेना. "सर, चौकोनात जास्त मावंल. आन् तिरपं शिवलं तर गिऱ्हाईक म्हणंल, ह्याला कापता येत न्हाय." शेवटी मी त्याच्या दुकानासमोर सायकल स्टँडवर लावून पायडल फिरवून दाखवलं. मग त्याने स्वतःच खडूने रेघ मारली, माझ्या सांगण्यापेक्षा दोन बोटं जास्त.

बॅगा भरल्या आणि वजन करायला शेजारच्या गिरणीत नेल्या. गिरणीवाला म्हणाला, "काय दळायचंय?" काट्यावर चौदा किलो तीनशे ग्रॅम. आठ किलोचा हिशेब वहीत लिहून ठेवलेला माणूस मी! तिथेच, पिठाच्या धुरळ्यात, बॅगा उपसल्या. जीन्स निघाली. साखळी आणि कुलूप, दीड किलोच्या जवळ, ते निघालं. त्याऐवजी बारीक वायरचं कुलूप, आणि सायकल रात्री मावशीच्या पडवीत. स्टीलचा डबा निघाला. दोन टर्किश टॉवेल निघाले आणि एक पंचा आला, जो अंग पुसतो, उन्हात डोक्याला बांधता येतो आणि तासाभरात वाळतो. चपलांचा जोड राहिला, बुटांचा दुसरा जोड निघाला. मावशीसाठी घेतलेले कंदी पेढे, एक किलो, यावर मात्र वाद झाला. पेढे राहिले. ते जातानाच संपणार होते, परतीच्या चढाला नव्हते, हे माझं समर्थन. तिसऱ्या फेरीला काटा सात किलो नऊशेवर आला.

हत्यारांत मी काटछाट केली नाही. दोन ट्यूब, पॅच, सोल्युशन, तीन टायर-लिव्हर, छोटा पंप, चेन तोडायच्या सोयीसकट ॲलन कीचा जुडगा, चेनची जोडकडी, गिअरची एक केबल, ब्रेकच्या रबरांची जोडी, प्लॅस्टिकचे पट्टे, भुवयांचा चिमटा. धुऊन वाळवलेली दुधाची पिशवी, चौघडी करून: टायर कापला गेला तर ट्यूब आणि टायरच्या मधे ती घालायची, ट्यूब फुगून बाहेर येत नाही. आणि गिअर-हँगर. मागचा डिरेलर ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर लटकतो तो मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो, सायकल पडली की फ्रेमऐवजी तो वाकावा म्हणून. पण दर फ्रेमचा आकार वेगळा. पाटणच काय, पुण्यातही शोधावा लागतो. एवढा विचार केला, आणि कॅरिअरचा एक जादा बोल्ट घ्यायचं विसरलो.

नाताळच्या सुट्टीत पहाटे साडेपाचला निघालो. नागठाणे, अतीत, काशीळ. हायवेची कडेची पट्टी, अंधार, थंडी. उंब्रजला आत वळल्यावर जीव भांड्यात पडला. मल्हारपेठनंतर ऊन आलं, पाटणला मिसळ खाल्ली. पाटणच्या पुढे रस्त्याचे काही तुकडे असे होते की दात वाजत होते. हेळवाकला चहाला थांबलो आणि सायकल टेकवताना मागचा भाग नको तितका डुलला. पाहतो तर कॅरिअरचा डाव्या बाजूचा खालचा बोल्ट नाही. भोक रिकामं. पुढे घाटाचा उतार.

चहाच्या टपरीशेजारी दुचाकीचं गॅरेज होतं. तिथल्या पोराने न विचारताच जवळ येऊन बघितलं. मोटारसायकलचा एक बोल्ट लावून पाहिला. शिरेना. "ह्यो सहाचा हाय पाव्हणं, तुमचा पाचाचा दिसतोय. बारीक." ग्रीसने काळा झालेला डालड्याचा डबा त्याने जमिनीवर पालथा केला. वॉशर, स्प्रिंगा, छर्रे, तुटक्या लिव्हर. दहा मिनिटं आम्ही दोघं उकिडवे बसून निवडत होतो, तांदळातले खडे निवडावे तसे. एक बारीक स्क्रू सापडला, त्याचे आटे जुळले नाहीत. मी प्लॅस्टिकच्या पट्ट्याने बांधायच्या तयारीत होतो. पोरगं सायकलकडे बघत उभं राहिलं, मग वाकलं, आणि माझ्या पाण्याच्या बाटलीच्या पिंजऱ्याच्या बोल्टवर बोट ठेवलं. "ह्यो बघा की. ह्योबी पाचाचाच वाटतोय."

तोच होता. चार नंबरच्या ॲलन कीने काढला, कॅरिअरला लावला, हाताने सुरळीत आत गेला. बाटलीचा पिंजरा एका बोल्टवर राहिला, वर एक प्लॅस्टिकचा पट्टा. सहा महिने सायकलचा अभ्यास केलेल्या माणसाला जे सुचलं नाही ते आयुष्यात गिअरची सायकल न चालवलेल्या पोराला सुचलं. पैसे घेईना. पेढे दिले, चार. मावशीला नंतर सांगितलं, ती म्हणाली आठ द्यायचे होतेस.

घाट उतरताना दोनदा थांबून रिमला हात लावला. ब्रेक धरून ठेवला की रिम तापते आणि ती उष्णता शेवटी ट्यूबपर्यंत जाते. म्हणून एकदा पुढचा, एकदा मागचा, थोडा वेळ जोरात आणि मग सोडून द्यायचं. पोफळीला पोचलो तेव्हा बोटं आखडली होती, अंगातलं स्वेटर नकोसं झालं होतं आणि हवेला कोकणाचा ओलसर वास होता. गुहागरच्या दिवसाबद्दल काय सांगू? बॅगा मावशीकडे होत्या, सायकल पिसासारखी, समुद्र होता, मासे होते.

परतीच्या सकाळी कुंभार्लीच्या पायथ्याला २८-३४ टाकला आणि वर जाईपर्यंत बदलला नाही. मिनिटाला साठ फेरे ठरवले होते, पडले पन्नास-पंचावन्न. श्वास लागत होता पण बोलता येत होतं, म्हणजे मी स्वतःशी बोलत होतो. एका वळणावर ट्रकच्या क्लीनरने खिडकीतून हात काढून थोपट थोपट असं काहीतरी केलं. माकडांनी बॅगेकडे बघितलं. मधे दोनदा थांबलो, दोन्ही वेळा पाण्यासाठी, आणि एकदाही उतरून ढकलली नाही. थांबे धरून दोन तास बारा मिनिटं. लहानपणी एसटीतून जिथे हमखास उलटी व्हायची त्या वळणाला ओळखलं. तिथून खालचं रान फार सुंदर दिसतं.

पाटणला मुक्काम केला. शेवटच्या दिवशी काशीळच्या अलीकडे मागचा टायर बसला. बाहेरून काहीच दिसेना. टायरच्या आतून बोट हळू फिरवलं तेव्हा टोचलं: केसाएवढी तार, फुटलेल्या ट्रक-टायरमधून निघतात आणि हायवेच्या कडेला पडून असतात त्यातली. ती काढली नसती तर नवी ट्यूबही पाच मिनिटांत गेली असती. बोटाने निघेना. भुवयांच्या चिमट्याने निघाली. तो चिमटा बायकोचा होता, आणि तो गेल्याचं तिला घरी पोचेपर्यंत माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बॅगा उपसताना चार दिवसांत ज्याला हातच लागला नाही ते सगळं एका बाजूला काढलं. रेनकोट, औषधं आणि हत्यारं सोडून. तिसरा शर्ट, जाड मोज्यांचे दोन जोड, पॉवर बँक नंबर दोन, वही, सुक्यामेव्याची अर्धी पिशवी, शेव्हिंगचं सामान. पिशवीत भरून गिरणीत नेलं. एक किलो सातशे.

गिरणीवाल्याने काट्याकडे पाहिलं. "अजून दळताय व्हय सर?"